काळी विंडो क्षणभर उघडते आणि गायब होते: ती कोण उघडतंय ते शोधायची पद्धत

काम चालू असताना स्क्रीनवर एक काळी चौकट उमटते आणि डोळा तिकडे वळेपर्यंत नाहीशी होते. आत काही लिहिलं होतं का, तेही कळत नाही. कधी चौकट दिसतच नाही, नुसता खालच्या टास्कबारवर एक आयकॉन येऊन जातो. कधी तोही दिसत नाही, पण आपण टाइप करत असतो आणि मधली दोन-तीन अक्षरं उमटलेलीच नसतात. फुल स्क्रीनवर चाललेला व्हिडिओ किंवा गेम आपोआप खाली जातो. माउस न हलवता कर्सर क्षणभर गोल फिरतो.

ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. कुठला तरी प्रोग्राम उघडला, त्यानं क्षणभर कीबोर्डचा ताबा घेतला आणि तो बंद झाला. अक्षरं गेली ती त्याच्याकडे गेली.

नाशिकमध्ये दुकानं, ऑफिसं आणि घरातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी करतो. शालिमारपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या ऑफिसांपर्यंत हे दुखणं मी इतक्या वेळा काढलंय की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं ओळखता येतं: "दादा, कोणीतरी मशीन हॅक केलंय." बहुतेक वेळा तसं नसतं. पण काही वेळा असतं, आणि वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून घाबरून जाणंही चूक आणि दुर्लक्ष करणंही चूक.

सगळ्यात मोठी चूक मात्र तिसरीच. शरणपूर रोडवरच्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी पोचलो तेव्हा तिथलं मशीन आदल्याच दिवशी कोणीतरी फॉरमॅट केलेलं होतं. महिन्याची अठरा तारीख, वीसला जीएसटीचं रिटर्न भरायचं, आणि डिजिटल सहीच्या टोकनचं (सही साठवलेल्या, पेन ड्राइव्हसारख्या उपकरणाचं) सॉफ्टवेअर, प्रिंटरची सेटिंग, पासवर्ड सगळं गेलेलं. तिथल्या ताईंनी दिवसभर खपून सगळं पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन केलं आणि काळी विंडो पुन्हा चमकली. ती टोकनच्याच सॉफ्टवेअरची होती. पहिल्यापासून निरुपद्रवी होती, आणि फॉरमॅटनंतर त्यांनी स्वतःच्या हातानं ती परत बसवली होती.

म्हणून मी आधी काहीही काढत नाही. विंडो कुणाची आहे आणि तिला कोण उघडतंय, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय काढणं, साफ करणं, फॉरमॅट, काहीच नाही. त्यातही दुसरा प्रश्न महत्त्वाचा. का, ते सांगतो.

विंडोजमध्ये काही प्रोग्रामना स्वतःची बटणं आणि मेनू असतात. काही नुसत्या अक्षरांवर चालतात, त्यांना कन्सोल प्रोग्राम म्हणतात. कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल हे त्यातले सगळ्यांना माहीत असलेले. असा प्रोग्राम सुरू झाला की विंडोज त्याच्यासाठी काळी किंवा निळी विंडो मांडते. ज्यानं त्याला बोलावलं त्यानं आधीच "लपवून उघड" असं सांगितलं असेल तर विंडो दिसत नाही. तसं सांगितलं नसेल आणि प्रोग्राम आत शिरल्यावर स्वतःला लपवायला गेला, तर तोवर ती डोळ्यांसमोर येऊन गेलेली असते. पॉवरशेलला लपून चालायचा आदेश देऊनसुद्धा ते क्षणभर दिसतं ते याच कारणानं.

म्हणजे विंडोच्या पट्टीवर कमांड प्रॉम्प्ट लिहिलेलं दिसलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कमांड प्रॉम्प्ट हा निरोप्या आहे. निरोप कोणी पाठवला आणि त्यात काय लिहिलंय, ते शोधायचं.

वही आणि घड्याळ

खर्च शून्य, आणि हीच पायरी लोक सोडतात. विंडो चमकली की तारीख, तास, मिनिट आणि त्या क्षणी आपण काय करत होतो, एवढं लिहून ठेवा. कमीत कमी तीन नोंदी होऊ द्या.

एवढ्यानं निम्मं काम होतं. दर तासाला त्याच मिनिटाला येत असेल तर कुणीतरी वेळापत्रक लावलेलं आहे. लॉगिननंतर मिनिटा-दोन मिनिटांत एकदाच येत असेल तर स्टार्टअपमध्ये शोधायचं. चहा पिऊन परत आलात की दिसते, म्हणजे मशीन रिकामं असताना चालणारं काम आहे. ठरावीक सॉफ्टवेअर उघडल्यावरच येत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. पेन ड्राइव्ह लावल्यावर येत असेल तर पेन ड्राइव्ह काढा, मशीन नेटवरून तोडा आणि खाली पेन ड्राइव्हबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

एक प्रकार सोडून द्यायचा. मोठं अपडेट किंवा नवं सॉफ्टवेअर बसवल्यावर पुढच्या लॉगिनला एकदाच चमकली आणि परत आली नाही, तर ती बहुधा एकदाच चालून स्वतःची नोंद पुसणारी मांडणी असते. तिच्यामागे वेळ घालवू नका.

फोनचा कॅमेरा

वेळ कळली की फोन पुस्तकांना टेकवून स्क्रीनसमोर उभा करा आणि स्लो मोशनमध्ये रेकॉर्डिंग लावा. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. फोनचं साधं रेकॉर्डिंग अनेकदा सेकंदाला ३० चित्रांचं असतं, त्यामुळे एखाद्याच चित्रापुरती आलेली विंडो त्यात निसटू शकते. १२० किंवा २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये ती सापडतेच. नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघा.

बघायचं ते वरच्या पट्टीवरचं नाव. कन्सोल विंडोला कुणी वेगळं नाव दिलेलं नसेल तर पट्टीवर प्रोग्रामचा पूर्ण पत्ता येतो. पत्ता सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या सिस्टम३२ मधला असेल तर निरोप्या विंडोजचाच आहे. प्रोग्राम फाइल्समधला असेल तर तिथल्या फोल्डरच्या नावावरून सॉफ्टवेअर लगेच ओळखू येतं. पत्त्यात अ‍ॅपडेटा, टेम्प किंवा पब्लिक दिसलं तर सावध व्हा. तिथे लिहायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागत नाही, म्हणून चांगले प्रोग्रामही तिथे बसतात आणि वाईट प्रोग्रामांची तर ती आवडती जागा. विंडोज ११ मध्ये हीच विंडो टर्मिनल नावाच्या टॅबवाल्या चौकटीत उघडू शकते. तेव्हा टॅबवरचं नाव वाचा.

स्टार्टअप, आणि पेन ड्राइव्ह

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपची यादी असते. अनोळखी नाव दिसलं तर राइट क्लिक करून फाइलची जागा उघडा, मग प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब आहे का बघा. सही असणं म्हणजे प्रोग्राम साधूच असं नाही, पण तो कुणी बनवला ते त्यावरून कळतं. सही नसणं हा गुन्हाही नाही, छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांची नसतेच. पण सही नाही, नावाला अर्थ नाही आणि जागा अ‍ॅपडेटातली, हे तिन्ही एकत्र आलं तर ती फाइलही शेवटच्या "इथे हात थांबवा" यादीतली धरा.

दुसरी जागा स्टार्टअप फोल्डर. विंडोजचं बटण आणि आर दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत शेल, मग कोलनचं चिन्ह, मग स्टार्टअप, असं मध्ये जागा न सोडता टाइप करा. इथे साधारणपणे फार काही नसतं. व्हीबीएस किंवा जेएस शेपटीची, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबापुढे ती इंग्रजी अक्षरं असलेली, फाइल दिसली तर डबल क्लिक करू नका.

पंचवटीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मला नेमकी अशी फाइल सापडली होती. दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह त्या मशीनला लागायचे, कुणाचा बायोडेटा, कुणाचा सातबारा, कुणाची लग्नपत्रिका. लागलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हमधले फोल्डर गायब व्हायचे आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसायचे. माल गेलेला नसतो, लपवलेला असतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी विषाणूची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून माणसाला संशय येत नाही. मधल्या त्या क्षणी चमकते ती काळी विंडो. असं दिसलं तर तो पेन ड्राइव्ह घरच्या मशीनला लावू नका आणि दुकानदाराला सांगा. त्यालाही बिचाऱ्याला माहीत नसतं, आणि त्याच्याकडून तो विषाणू रोज नव्या घरात जात असतो.

टास्क शेड्युलर

प्रोग्राम कधी आपोआप चालवायचे याचं विंडोजचं वेळापत्रक म्हणजे टास्क शेड्युलर, आणि त्यातलं एकेक काम म्हणजे टास्क. ठरावीक वेळेला येणारी विंडो दहातल्या आठ वेळा मला इथेच सापडते, म्हणून इथे घाई करू नका.

स्टार्टच्या शोधात टास्क शेड्युलर टाइप करा आणि राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. उजव्या बाजूला सगळ्या टास्कची हिस्टरी चालू करायचा पर्याय असतो, तो आधी दाबा. पुष्कळ मशीनवर ही हिस्टरी बंदच असते आणि ती मागचं काही सांगू शकत नाही. चालू केल्यापासून पुढचंच लिहिते. व्ह्यू मेनूत लपवलेले टास्क दाखवायचा पर्यायही टिक करा.

आता पुढच्या वेळी विंडो चमकेपर्यंत थांबा. चमकली की डावीकडच्या यादीत सगळ्यात वरच्या नावावर क्लिक करा. मधोमध गेल्या तासात आणि गेल्या चोवीस तासांत कोणकोणते टास्क चालले त्याचा आढावा येतो. वहीतल्या मिनिटाशी जुळणारं नाव त्यात शोधा. एकेक फोल्डर उघडून बघत बसण्यापेक्षा हे फार सोपं आहे, कारण मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातच डझनावारी उपफोल्डर असतात.

नाव मिळालं की त्याचे दोन टॅब वाचा. ट्रिगर म्हणजे कधी चालायचं आणि अ‍ॅक्शन म्हणजे काय चालवायचं. अ‍ॅक्शनमधली ओळ पूर्ण वाचा, पुढे जोडलेल्या शब्दांसकट. कमांड प्रॉम्प्ट एवढं पहिल्या शब्दात दिसतं, खरा निरोप त्याच्या पुढे असतो.

मग खात्री. संशयित टास्क साध्या, ओळखीच्या सॉफ्टवेअरचा असेल तर त्यावर राइट क्लिक करून रन दाबा. तीच विंडो तशीच चमकली तर चोर सापडला. अनोळखी असेल तर रन दाबू नका, थेट डिसेबल करा. डिलीट नको. डिसेबल केलेलं एका क्लिकमध्ये परत चालू होतं, डिलीट केलेलं पुन्हा उभं करायला सॉफ्टवेअर नव्यानं बसवावं लागतं. शिवाय डिसेबल केल्यावर तो टास्क स्वतःहून परत चालू झाला, तर तीच मोठी खूण असते. त्याला कुणीतरी वरून राखतंय.

मोठ्या कंपन्यांकडूनही असं होतं, हे लक्षात असू द्या. २०१७ साली मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या बॅकग्राउंड टास्क हँडलर नावाच्या टास्कमुळे जगभरच्या मशीनवर दर तासाला अशी विंडो चमकत होती. लोकांनी अँटिव्हायरसमागून अँटिव्हायरस चालवले आणि शेवटी ऑफिसच्या अपडेटनं ती थांबली.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकिंग हाउसमधला अनुभव याच पायरीचा. फेब्रुवारीचे दिवस, माल भरून कंटेनर निघायचे, आणि लेबल छापणाऱ्या मुलाच्या हातून बॉक्सचे आकडे चुकायला लागले. सात आकडी क्रमांकातला एखादा आकडा गायब. त्याला बोलणी बसत होती. तो सांगत होता, "साहेब, मी बरोबर दाबतो, उमटत नाही." त्याच्या शेजारी तासभर बसलो तेव्हा दिसलं. दर तासाला लेबल प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा अपडेट तपासणारा टास्क उघडायचा, पाव सेकंद कीबोर्ड घ्यायचा, आणि नेमका तेव्हा दाबलेला आकडा त्या विंडोत जाऊन मरायचा. निर्यातीच्या लेबलवर एक आकडा चुकणं म्हणजे माल कुठल्या बागेतला ते जुळत नाही. टास्क डिसेबल केला आणि मुलाच्या "चुका" त्याच दिवशी थांबल्या. तेव्हापासून अक्षरं गळतात अशी तक्रार आली की मी टाइप करणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी टास्क शेड्युलर उघडतो.

डिफेंडरची अपवादांची यादी

स्कॅन तर सगळे करतात. त्याआधी एक मिनिटाची तपासणी करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस आणि थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये खाली एक्स्क्लूजन्स आहे. या यादीतल्या फाइल आणि फोल्डर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासतच नाही. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी असायला हवी.

गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. विंडोज आणि ऑफिस फुकटात चालू करून देणारा एक अ‍ॅक्टिव्हेटर त्यानं वर्षापूर्वी चालवला होता. अशा अ‍ॅक्टिव्हेटरना स्वतःचा टास्क लावून पुन्हा पुन्हा चालावं लागतं, कारण ते ज्या पद्धतीची नक्कल करतात ते संस्थांचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं. म्हणून विंडो चमकते. आणि चालवताना "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते, ती पाळली की दार उघडं राहतं. त्या उघड्या दारातून त्याच्या मशीनमध्ये आणखी काय शिरलं होतं ते काढायला मला दोन दिवस लागले. पोरांना मी रागावत नाही, पैसे नसतात हे मला कळतं. पण लिब्रे ऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि त्यात प्रोजेक्ट रिपोर्ट नीट लिहिता येतो.

यादी तपासल्यावर स्कॅनच्या पर्यायांतला ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पाव तासाची. चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला तिथे लपायला जागा नसते. उघडी कामं आधी सेव्ह करा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथली साफसफाईची टूल्सही फुकट मिळतात.

प्रोसेस मॉनिटर

इतकं करूनही नाव कळलं नसेल तर हे घ्या. सिसइंटर्नल्स नावाच्या टूल्सच्या संचातला हा प्रोग्राम आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये हा संच सुरू केला, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो विकत घेतला, आणि तो आजही फुकट आहे. फक्त मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवरून उतरवलेल्या "फ्री टूल"मधूनच नवं दुखणं आलेली मशीनं मी पाहिली आहेत.

प्रोसेस मॉनिटर मशीनवरची प्रत्येक हालचाल लिहितो, सेकंदाला हजारो ओळी. तसाच चालू ठेवला तर मेमरी भरते. म्हणून आधी फिल्टर उघडा, ऑपरेशन हे प्रोसेस क्रिएट असेल तेवढंच दाखव असं घाला, आणि फिल्टर मेनूतला गाळलेल्या नोंदी टाकून द्यायचा पर्याय टिक करा. आता फक्त नवा प्रोग्राम जन्माला आला की ओळ पडेल. असा तो दिवसभरसुद्धा चालतो.

विंडो चमकली की रेकॉर्डिंग थांबवा आणि वहीतल्या वेळेची ओळ शोधा. इथे पुष्कळ जण फसतात. त्या ओळीत प्रोग्रामचं जे नाव दिसतं ते जन्मलेल्याचं नसून जन्म देणाऱ्याचं असतं. कोण जन्मलं आणि त्याची पूर्ण कमांड लाइन, म्हणजे त्याला दिलेला अख्खा आदेश, काय, ते शेवटच्या डिटेल रकान्यात असतं. म्हणजे तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ओळीत.

साखळी लांब असेल तर फिल्टर न लावता, पण दोन-तीन मिनिटांपुरतंच, विंडो यायच्या वेळेला रेकॉर्ड करा आणि टूल्स मेनूतून प्रोसेस ट्री उघडा. वंशावळीसारखं चित्र येतं: कुणी कुणाला उघडलं. संपलेले प्रोग्रामही त्यात दिसतात, फक्त चालू असलेलेच दाखव ही खूण तेवढी काढलेली असू द्या. टास्क मॅनेजर जे करू शकत नाही ते हेच. पाव सेकंद जगलेला प्रोग्राम त्याच्या यादीत सापडतच नाही.

पालक म्हणून सर्व्हिस होस्ट दिसला तर बहुधा टास्क शेड्युलर किंवा एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) आहे. एक्सप्लोरर (डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) दिसला तर स्टार्टअप किंवा तुम्हीच केलेला क्लिक. वर्ड किंवा एक्सेलच्या पोटातून पॉवरशेल जन्मलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि नेट तोडा. साध्या कागदपत्राला पॉवरशेलची गरज नसते.

फाइल सापडली आणि तिच्याबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटलवर तपासता येते, तिथे एकाच वेळी सत्तरेक अँटिव्हायरस ती बघतात. पण तिथे चढवलेली फाइल इतर तज्ज्ञांनाही उपलब्ध होते. प्रोग्रामची फाइल चढवा, गिऱ्हाइकाची कागदपत्रं कधीच नाही. आणि सत्तरातल्या एक-दोघांनीच बोट दाखवलं तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

आठवड्यातून एकदाच येणारी विंडो

अशा वेळी प्रोसेस मॉनिटर चालू ठेवणं परवडत नाही. विंडोजला स्वतःलाच वही लिहायला लावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीतल्या डिटेल्ड ट्रॅकिंगमध्ये प्रोसेस क्रिएशनचं सक्सेस चालू करा. त्यानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६८८ या क्रमांकानं पडते, प्रोग्रामच्या आणि त्याला उघडणाऱ्याच्या नावासकट. लॉग भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून विंडो चमकल्यावर त्याच दिवशी बघा. काम झालं की हे बंद करा. होम आवृत्तीत ही चौकट नसते. तिथे मी थेट पुढची पायरी घेतो.

अर्धं-अर्धं बंद करणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी. सिस्टम कॉन्फिगरेशन उघडा, सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवायची टिक आधी करा, आणि उरलेल्यांतल्या अर्ध्या बंद करून रीस्टार्ट करा. विंडो आली तर दोषी चालू असलेल्या अर्ध्यात, नाही आली तर बंद केलेल्यात. पुन्हा त्याचे अर्धे. चोवीस सर्व्हिस असल्या तरी पाचेक फेऱ्यांत एकीवर येता. प्रत्येक फेरीत काय बंद केलं त्याचा फोनवर फोटो काढा. ती मायक्रोसॉफ्टची टिक विसरून सगळंच बंद केलेली मशीनं लॉगिनलाच अडकतात, तेव्हा ती टिक दोनदा बघा.

निरुपद्रवी निघाली तर

आधी ते सॉफ्टवेअर अपडेट करा. तरी चमकत असेल आणि टास्क गरजेचा असेल, तर टास्कच्या जनरल टॅबमध्ये "युजर लॉगिन असो वा नसो, चालव" हा पर्याय निवडा. मग टास्क तुमच्या डेस्कटॉपबाहेर, वेगळ्या सत्रात चालतो आणि विंडो समोर येत नाही. पण जो टास्क तुम्हाला काही विचारतो किंवा दाखवतो, त्याला हे करू नका. त्याचा प्रश्न न दिसणाऱ्या सत्रात अडकून राहील. तिथेच खाली हिडन नावाची टिक असते, तिनं विंडो लपत नाही. टास्कच यादीतून लपतो.

इथे हात थांबवा

पुढचं काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका:

- कमांड लाइनमध्ये पॉवरशेलपुढे अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरांची माळ.
- डिसेबल केलेली किंवा काढलेली गोष्ट रीस्टार्टनंतर परत आली.
- अँटिव्हायरस उघडतच नाही, किंवा अपवादांच्या यादीत तुम्ही न घातलेल्या नोंदी आहेत.
- लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर सापडलं आणि ते कुणी बसवलं ते घरात कुणालाच माहीत नाही.
- फाइलींची शेपटं बदलली आहेत, त्या उघडत नाहीत.
- न मागता बँकेचे ओटीपी येत आहेत.

अशा वेळी नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदला, त्याच मशीनवरून नाही. पैसे गेले असतील तर दुरुस्तीच्या माणसाची वाट बघू नका, आधी १९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे आणि पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवायची शक्यता जास्त असते. मशीन ऑफिसचं असेल आणि लॉगिन कंपनीच्या नेटवर्कवरून होत असेल तर वरच्या प्रोसेस मॉनिटरपासूनच्या पायऱ्याही करू नका. आयटीवाल्यांना सांगा, कारण एका मशीनवर दिसलेलं शेजारच्या दहांवर असू शकतं.

विंडोज १० वर असाल तर आणखी लवकर थांबा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर शंकेचा फायदा प्रोग्रामला देऊ नये.

दुरुस्तीला माणूस आला की वही त्याच्या हातात द्या: वेळा, व्हिडिओतलं नाव, टास्कचा किंवा कमांड लाइनचा फोटो, आणि तुम्ही काय काय डिसेबल केलं ते. त्याचे दोन तास वाचतात, तुमचे पैसे वाचतात. त्यानं काहीही न बघता फॉरमॅट सुचवलं तर कारण विचारा. आणि फॉरमॅट करावंच लागलं तर बॅकअपच्या पेन ड्राइव्हमध्ये फक्त कागदपत्रं आणि फोटो घ्या. डाउनलोड्सचा अख्खा फोल्डर आणि जुने सेटअप तसेच उचलून आणू नका. ज्या फाइलीमुळे हे सुरू झालं ती बहुतेक वेळा तिथेच पडलेली असते.